एका टनाची तहकीकात

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकून बसला असता आणि आमच्या दिवाणखान्यातील एसीने केवळ उष्ण उसासे टाकण्याचे व्रत स्वीकारले असता, तीन दिवसांच्या आर्जवांनंतर जो मेकॅनिक प्रकट झाला, त्याने बाहेरच्या यंत्राचे झाकण उघडले, आतली एक डबी काढून दुसरी बसवली, ‘कपॅसिटर गेला होता, काकाजी’ एवढेच निदान ऐकवले आणि ६५० रुपये घेऊन, दिलेले पाणी अर्धे तसेच ठेवून तो पुढच्या कॉलला निघून गेला. या सर्व विधीस १७ मिनिटे लागली. ही मिनिटे मी मोजली. कारण चौतीस वर्षे सरकारी हिशेबतपासणीत काढलेल्या मनुष्यास दुसऱ्याने केलेला खर्च पाहवत नाही, आणि स्वतः केलेला तर मुळीच सोसवत नाही.

त्या रात्री, दुरुस्त झालेल्या एसीखाली बसून, मी त्रैराशिक मांडले. १७ मिनिटांस ६५० रुपये, तर तासास २,२९४. आठ तासांच्या दिवसास १८,३५३. आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दरमहा ४ लक्ष ७७ हजार रुपये! भारत सरकारच्या मंत्रिमंडळ सचिवाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाने अडीच लक्ष ठरवले आहे, हे मला तोंडपाठ होते, आणि राष्ट्राच्या नोकरशाहीचा मुकुटमणी आमच्या गच्चीवर पक्कड घेऊन चढलेल्या पोरापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी मिळवतो, या विचाराने मी इतका अस्वस्थ झालो की, ऐन गारव्यात मला घाम सुटला. सौभाग्यवतीने कागद पाहिला. ‘अहो, तो जिन्याने चढला, तो वेळ कुठे धरलात?’ असे विचारून ती झोपी गेली. पण तहकीकात पूर्ण झाल्याविना शेरा मारू नये, ही खात्याची शिकवण मला झोपू देईना.

पहिली जबानी शेजारच्या निवृत्त गृहस्थांची. ते आयटीआयमध्ये याच विद्येचे निदेशक होते. पगाराचा विषय काढताच त्यांनी मला १९०२ सालात नेले. ब्रुकलीनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, रंग एकमेकांवर नीट बसत ना, म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता आवरणारे यंत्र योजले. म्हणजे हे यंत्र जन्मले ते माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदाच्या सुखासाठी. (कागदांवर हयात घालवलेल्या मला हे ऐकून यंत्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली.) पुढे त्यांनी टनाचा उलगडा केला. आजवर माझी समजूत अशी की, दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा, आणि तो भिंतीवर टांगणाऱ्यास मी मनोमन बलभीम समजत आलो होतो. वास्तविक एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी खेचून घेणारे यंत्र ते एक टनाचे; आकड्यांत सांगायचे तर ताशी १२,००० बीटीयू. ‘आणि दोन वर्षे हे शिकलेल्या मुलास मिळते काय?’ असे मी विचारले, तेव्हा बर्फाचे वजन औंसापर्यंत सांगणारा तो विद्वान आभाळाकडे पाहू लागला.

दुसरी जबानी सीताबर्डीच्या एका दुकानदाराची. तो म्हणाला, ‘चार महिने मी त्यांच्या मागे पळतो, आठ महिने ते माझ्या मागे उसने मागत पळतात, यातला पगार कोणता ते तुम्हीच ठरवा.’ कंपनीच्या केंद्रातल्या कारागिरास थोडा बांधलेला पगार आणि वर कॉलमागे काही, अशी मिश्र व्यवस्था असते, हेही तेथेच समजले. सरकारी किमान वेतनाच्या तक्त्यांत कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ण आहेत. परंतु तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, एका हाताने सळई धरून दुसऱ्या हाताने तांब्याच्या नळीस ब्रेझिंग करणारा मनुष्य त्यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो, हे मला ठरवता येईना. मुळात तो बसतच नाही, लोंबकळतो.

श्रावणात खुद्द आरोपीच घरी आला. एसी बिघडला नव्हता. त्याचे लग्न ठरत होते. बायोडेटाचा कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. त्यातील ‘मासिक उत्पन्न’ ही जागा कोरी होती, आणि ‘तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्हीच काढा जी’ अशी त्याची विनंती. तीन महिने ज्या दप्तरावर छापा घालावा म्हणून मी तळमळत होतो, ते दप्तर आपल्या पायांनी चालत आले होते! मी डायरी मागितली. तीत ‘त्रिमूर्तीनगर, दुसरा माळा, गॅस’, ‘धरमपेठ, जेट सर्व्हिस, कुत्रा आहे’ अशा नोंदी दाटीने होत्या. रक्कम मात्र एकीपुढेही नव्हती. ती म्हणे डोक्यात असते. खर्च तेवढा त्याने घडाघडा सांगितला: पेट्रोल, हेल्परची रोजी, गॅसचे सिलिंडर, उधारीवर आणलेले पार्ट, आणि गळती राहिली तर पुन्हा फुकट मारावा लागणारा फेरा. माझ्या ६५० पैकी डबीची किंमत आणि पेट्रोल वजा जाता काय उरले, ते ऐकून मी मंत्रिमंडळ सचिवांची मनोमन क्षमा मागितली.

‘पण सरासरी?’ मी चिकाटीने विचारले.

‘उन्हाळ्यात मिळते, पावसाळ्यात राह्यते, थंडीत गीझर येते. त्याची सरासरी काय काढता, काकाजी?’

अखेर त्या जागेवर ‘ऋतुमानानुसार’ असे लिहून मी कागद परत केला. चौतीस वर्षांत असा शेरा कोणी मजपुढे ठेवला असता, तर मी त्याची वेतनवाढ रोखली असती.

तथापि मुलीकडच्यांना तो शब्द आवडला असावा, कारण बोलणी पुढे सरकली. वडीलधारा म्हणून मीही बैठकीस होतो. मुलीच्या मामांनी पंचांग उघडून, पुढल्या वर्षीचा, भर उन्हाळ्यातल्या ऐन नवतपातला मुहूर्त सुचवला. ‘हळद धरून चार दिवस मोकळे ठेवा, जावईबापू,’ असे ते म्हणताच, आजवर पगार म्हटला की छताकडे पाहणारा तो मुलगा, श्वासही न घेता उद्गारला,

‘चार दिवस? मामाजी, बारा हजार बुडतीन नं जी!’

‘खर्च वजा जाता?’ मी ओरडलो.

‘वजा जाताच सांगतो.’

मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा ठरला. चहा येईपर्यंत मी खिशातील टिपणवही काढली, मे महिन्यापासून कोऱ्या राहिलेल्या रकान्यात ‘चार दिवसांस एक टन’ अशी नोंद केली आणि खाली तारखेनिशी सही केली.