नाकातलं वजन हलू द्या

हाताने फेकायच्या ग्लायडरच्या नाकात एक वजन असतं. फोमच्या विमानात ते प्लास्टिकच्या टोपीखाली चिकटवून टाकलेलं असतं, बाल्साच्या विमानात लोखंडाच्या पट्टीच्या रूपात चिमटून बसवलेलं असतं. माझी तक्रार या वजनाबद्दल आहे. ते हलत नाही.

खेळण्यातल्या विमानाचं उडणं बरंचसं या वजनाच्या जागेवर ठरतं. साध्या, शेपटीवाल्या ग्लायडरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला, की विमान बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. पंख ८ सेंटिमीटर रुंद असेल तर हे अंतर होतं २ ते २.७ सेंटिमीटर. म्हणजे सगळा कारभार जेमतेम ७ मिलिमीटरच्या पट्ट्यात चालतो. तोल या पट्ट्याच्या मागे गेला की विमान नाक वर करतं, वेग हरवतं, कोसळतं, कोसळताना वेग आला की पुन्हा नाक वर करतं. असं डुलत डुलत ते जमिनीवर येतं. तोल फार पुढे गेला तर डुलणंही नाही, सरळ गोता.

आता कारखान्याने हा तोल कायमचा पक्का करून दिला तर काय होतं ते पाहा. पंख दांड्याच्या खाचेत एखादा मिलिमीटर पुढे किंवा मागे बसतो. पहिल्याच आपटीत नाक दबतं. शेपूट तुटली की तिथे डिंक आणि चिकटपट्टी येते. एकाच खोक्यातली दोन विमानं घरी आल्यावर एकसारखी राहत नाहीत, आणि एका आठवड्यानंतर तर मुळीच राहत नाहीत. तोल मात्र कारखान्यात ठरला तोच.

त्यात पाकिटात स्टिकरचा एक कागद येतो. झेंडा, आकडे, ज्वाळा. मुलं ते मोठ्या हौसेने शेपटीवर लावतात, कारण शेपटीचा उभा पंख त्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो. विमान ४० ग्रॅमचं आणि स्टिकर अर्ध्या ग्रॅमचा धरू. शेपूट तोलाच्या जागेपासून २० सेंटिमीटर मागे असेल तर त्या अर्ध्या ग्रॅमने गुरुत्वमध्य अडीच मिलिमीटर मागे जातो. सात मिलिमीटरच्या पट्ट्यातले अडीच मिलिमीटर एका स्टिकरने खाल्ले. ज्याने स्टिकर दिला त्यानेच वजन चिकटवून ठेवलं आहे, म्हणून मला हे खुपतं.

मग घरातली मोठी माणसं उपाय सुचवतात. पहिला उपाय नाण्याचा. रुपयाचं नाणं नाकाला चिकटपट्टीने लावायचं. नाणं सुमारे ३ ग्रॅमचं, नाक तोलापासून १५ सेंटिमीटर पुढे. गणित केलं तर ४० ग्रॅमच्या विमानाचा गुरुत्वमध्य या एका नाण्याने १ सेंटिमीटरहून जास्त पुढे जातो. म्हणजे मागचा दोष गेला आणि पुढचा आला. शिवाय विमानाचं एकूण वजन वाढलं, की तरंगत राहायला त्याला जास्त वेग लागतो, आणि जास्त वेगाने आपटलेलं विमान लवकर मोडतं. चिकटपट्टी काढताना फोमचा वरचा थर सोबत येतो, ते वेगळंच.

दुसरा उपाय खेळण्यातल्या मातीचा. हा नाण्यापेक्षा बरा, कारण मातीचा गोळा हवा तेवढा लहान करता येतो. पण मे महिन्याच्या उन्हात माती मऊ होते आणि घसरते. मैदानावर एकदा पडली की धूळ धरते आणि मग कशालाच चिकटत नाही. तिसरा उपाय झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा. साधा झटपट डिंक थर्माकोलला विरघळवतो. नाकाच्या जागी खड्डा पडतो आणि मुलाच्या हातात निम्मं विमान उरतं.

चौथा उपाय सगळ्यांत जास्त सांगितला जातो आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो. ‘अरे, जोरात फेक!’ मैदानाच्या कडेला उभे असलेले बाबा, काका, आजोबा, सगळे हेच ओरडतात. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट केला की उचल चौपट होते. नीट तोललेलं ग्लायडर त्याच्या स्वतःच्या वेगाने सोडायचं असतं; त्याहून बरंच जोरात फेकलं की ते नाक वर करून उसळतं, हवेत थबकतं आणि कोसळतं. ते कोसळलं की पुन्हा ओरडा होतो: ‘अजून जोरात!’ मुलाचा दंड दुखतो, विमान मोडतं, आणि शेवटी ‘तुला जमत नाही’ हे वाक्य येतं. माझ्या तक्रारीचं मूळ या वाक्यात आहे. दोष तोलात असतो, बोल मुलाला लागतो.

बाजारातल्या बऱ्याच फोमच्या विमानांना शेपूट बसवायला दोन खाचा असतात. एक सरळ उड्डाणासाठी, एक कोलांट्यांसाठी. ही सोय चांगली आहे, तिचं मी स्वागत करतो. पण दोन खाचांच्या मधलं काही नाही. विमान सरळच्या खाचेत थोडं डुलत असेल तर मुलाच्या हाती काय उरतं? दुसरी खाच, म्हणजे कोलांट्या. ज्याला किंचित सुधारणा हवी आहे त्याला पूर्ण उलटापालट देणं ही दुरुस्ती होत नाही.

ही विमानं विकली जातात कुठे, तेही पाहा. जत्रेत, सिग्नलला आणि समुद्रकिनाऱ्यावर. किनाऱ्यावर ती दुपारनंतर विकली जातात, नेमका समुद्रावरून वारा सुटलेला असतो तेव्हा. त्या वाऱ्यात विमान पडलं तर दोष तोलाचा की वाऱ्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही. तोल तपासायची वेळ सकाळची, मैदानावर क्रिकेट सुरू होण्याआधीची, झाडाचं पान हलत नसतं तेव्हाची. पाकिटावर हे छापायला अर्धी ओळ पुरते. तिथे छापलेलं असतं, विमान किती दूर जातं. ते तितकं दूर जाण्यासाठी तोल कुठे हवा, याची खूण मात्र पंखावर कुठेच नसते.

ही विद्या नवी असती तर मी गप्प बसलो असतो. १८०४ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या जॉर्ज केलीने एक नमुना-ग्लायडर केलं, सुमारे ५ फूट लांब. पंख म्हणून एक साधा कागदी पतंग काठीवर थोड्या कोनात बसवलेला, मागे हवी तशी वळवता येणारी शेपूट, आणि पुढे तोल बदलण्यासाठी सरकवता येणारं वजन. सरकणारं वजन त्या पहिल्यावहिल्या नमुन्यातच होतं. दोनशेहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात साहित्य सुधारलं, रंग सुधारले, पाकीट सुधारलं, आणि सरकणारं वजन खेळण्यातून काढून टाकलं गेलं.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फोन्स पेनोने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. शेपटीचा आडवा पंख त्याने मुख्य पंखापेक्षा कमी कोनात बसवला होता, म्हणून नाक वरखाली झालं तरी विमान आपोआप सावरत होतं. वजन पुढे आणि शेपटीचा कोन त्याला साजेसा, ही जोडी तेव्हापासून माहीत आहे. राइट बंधूंचं १९०४ सालचं विमान वरखाली डुलत होतं, तेव्हा त्यांनी त्याच्या पुढच्या भागात सुमारे ७० पौंड लोखंड ठेवलं. माणूस बसून उडणाऱ्या विमानाचा तोल प्रयोग करत करत बदलायची मुभा होती. आठ वर्षांच्या मुलीच्या विमानाला ती नाही.

आपल्याकडे मुलांना ही मुभा पतंगाने आधीपासून दिलेली आहे. दुकानातून आणलेला पतंग कणीशिवाय येतो. कणी, म्हणजे मांजा जोडायचा दोरा, ज्याची त्याने बांधायची. पतंग गिरक्या घेऊ लागला तर खाली उतरवून गाठ बोटभर सरकवायची, एका बाजूला झुकू लागला तर हलक्या बाजूला कागदाचा तुकडा लावायचा. संक्रांतीच्या आधी गच्चीवर बसलेला कोणताही मुलगा हे करतो आणि त्याला कोणी ‘तुला जमत नाही’ म्हणत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की पतंग नीट बांधायचा असतो. काही रुपयांच्या पतंगात तोल मुलाच्या हातात आहे. शेकडो रुपयांच्या ग्लायडरमध्ये तो कारखान्याच्या डिंकाखाली आहे.

खऱ्या ग्लायडरकडे पाहिलं तर हे आणखी खटकतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. माणूस बसतो त्या ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये एक पाटी असते: वैमानिकाचं वजन कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं. वैमानिक हलका असेल तर पुढे शिशाचं वजन बसवूनच ग्लायडर वर जातं. मोठ्या विमानात तोल ही नोंद करून, मोजून, बदलायची गोष्ट आहे. तीच गोष्ट लहान विमानात नशिबावर सोडली जाते.

कारखानदारांकडे एक उत्तर असतं, आणि ते गंभीर आहे म्हणून त्याचा विचार करायला हवा. सुटं वजन म्हणजे सुटा भाग, लहान मूल तो तोंडात घालेल. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण सरकणारं वजन सुटं असायची गरज नाही. ते बंद नळीत ठेवता येतं.

मला हवं असलेलं ग्लायडर असं आहे. नाकापासून मागे ५ सेंटिमीटर लांबीची पक्की प्लास्टिकची नळी, दोन्ही टोकं बंद. आत ६ ग्रॅमचं वजन, बाहेरच्या छोट्या खुंटीने खाचेखाचेने सरकणारं. खाचा हव्यातच, नाहीतर आपटताना वजन स्वतःच पुढे पळेल. ४० ग्रॅमच्या विमानात ६ ग्रॅम १ सेंटिमीटर सरकवले की गुरुत्वमध्य दीड मिलिमीटर हलतो. पूर्ण नळीभर सरकवले तर साडेसात. सात मिलिमीटरचा तो पट्टा यात पूर्ण येतो, आणि एकूण वजन एक कणही वाढत नाही. नळीवर १ ते ५ आकडे असावेत, म्हणजे मुलाला वहीत लिहून ठेवता येईल की तिसऱ्या खाचेवर विमान कसं गेलं आणि चौथ्यावर कसं.

पंखाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे, तोलाच्या जागेवर एकेक बारीक उंचवटा असावा. दोन बोटांच्या टोकांवर ते उंचवटे टेकवले की विमान पुढे झुकतं की मागे, हे डोळे मिटूनही कळतं. शेपटीचा आडवा पंख दोन खाचांऐवजी पाच खाचांचा असावा, कारण वजन पुढे घेतलं की शेपटीचा कोनही किंचित बदलावा लागतो. आणि सोबत मराठीत छापलेला छोटा कागद. त्यात एवढंच: आधी पंख सरळ आहेत का ते पाहा, पाकिटात पंख मुडपला असेल तर विमान एका बाजूला वळेल, तो दोष वजनाने जात नाही. मग खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, हळू सोडा. डुललं तर वजन एक खाच पुढे. गोता मारला तर एक खाच मागे. एका वेळी एकच गोष्ट बदला.

या कागदातल्या शेवटच्या वाक्यासाठी मी भांडायला तयार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते पाहायचं, ही सवय शाळेच्या प्रयोगशाळेत लागण्याच्या कितीतरी आधी मैदानावर लागू शकते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंमधून खेळणी करून दाखवली, ती याच विश्वासावर: मुलाला खेळण्यात हात घालता आला पाहिजे, ते उघडून, बदलून पाहता आलं पाहिजे. बंद केलेल्या नाकाच्या विमानात मूल फक्त फेकण्याचं काम करतं. विचार करायचं काम त्याच्यासाठी उरलेलंच नसतं.

म्हणून दुकानात गेलात तर विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘यातलं वजन सरकतं का?’ सरकत नसेल तर तसं सांगून विमान परत ठेवा, आणि मुलाला बाल्साची एक पट्टी, एक खिळा, थोडी माती आणि एक मोकळी सकाळ द्या. पुरेशा दुकानांत हा प्रश्न पुरेशा वेळा विचारला गेला, तर तो कारखान्यापर्यंत पोहोचेल.