रॉकवाला

राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो सापडतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जातोच. मग खालच्या काकू "बाळा, घसा धरलाय काय रे?" म्हणून हळद-दूध वर पाठवतात.

अल्टरनेटिव्ह रॉकच्या लीड सिंगरला भांडवल लागतं एकटेपणाचं, आणि कोल्हापुरात नेमकी त्याचीच टंचाई. १९९१ साली 'नेव्हरमाइंड' अल्बम आला तेव्हा हा जन्मलाही नव्हता, पण त्यातल्या गायकाचं, कर्ट कोबेनचं दुःख याला तोंडपाठ. सिएटलच्या पावसाळी हवेत ते संगीत वाढलं, असं तो सांगतो. पावसाचंच म्हणाल तर आमच्या गगनबावड्यात आतापावेतो पन्नास बँड उगवायला हवे होते! हा रंकाळ्याच्या काठावर उदास होऊन बसला की कुणीतरी गाडी थांबवतंच. "भावा, एकटाच का बसलाईस? चल, मिसळ खाऊया." समाजानं झिडकारलेल्या माणसाचं गाणं लिहायचं, तर समाज वरून कट वाढतोय.

गातो घसा खरवडून. कुणी नाक मुरडलं की थेट अल्लादियाखाँसाहेबांचा दाखला. अति गाण्यानं त्यांचाही आवाज गेला होता, परत आला तो निराळाच, त्यातनं गायकी घडली आणि शाहू महाराजांनी दरबारी ठेवलं. सगळं खरं. मधला रियाज तेवढा हा गाळतो.

इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला तुफान झाला, तेवढीच कारकीर्द. पुढं ड्रमर हिंजवडीला गेला, बेसवाला चाकणला. "सध्या ब्रेक घेतलाय," असं हा सांगतो आणि संध्याकाळी शाळकरी पोरांना गिटार शिकवतो.

गणपतीत तालमीच्या पोरांनी मानानं स्टेजवर चढवलं. डोळे मिटून, माइकला लोंबकळत त्यानं व्यवस्था, एकाकीपण आणि मरण यांवरचं लांबलचक गाणं म्हटलं. खाली पोरं शिट्ट्या मारत नाचली. अध्यक्षांनी फेटा बांधला, नारळ दिला. फेटा बांधून बंडखोर दिसणं अवघड. तरी फोटो त्यानं प्रोफाइलला लावलाच.

उतरताना अध्यक्षांनी हळूच विचारलं, "लई भारी म्हटलंस. पण त्यात मरतंय कोण?"

"मी."

"असू दे. महाप्रसाद घेतल्याबिगर जायचं न्हाई."