तिसऱ्या क्वार्टरला उठणारे लोक

अलाबामात घर घेतलं की नळ आणि विजेच्या जोडणीआधी एक गोष्ट ठरवावी लागते : तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे? ही दोन विद्यापीठांची नावं आहेत, पण प्रश्नाचा शिक्षणाशी काडीचा संबंध नाही. प्रश्न फुटबॉलचा आहे. ‘आमचं अजून ठरलेलं नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. आम्ही बर्मिंगहॅमला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याने अलिप्त राहून पाहिलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी एका हातात बनाना पुडिंग आणि दुसऱ्या हातात किरमिजी झेंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या. पुडिंग खाऊन झाल्यावर झेंडा कुठल्या तोंडाने परत करणार? आम्ही अलाबामाचे झालो.

हा फुटबॉल पायाने कमी आणि डोक्याने, खांद्याने, छातीने जास्त खेळतात. चेंडू अंड्यासारखा. खेळणारी मुलं कॉलेजची. पण त्यांना बघायला टस्कलूसाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात आणि टस्कलूसा गावाची वस्तीच मुळी साधारण लाखाची. राज्यात मोठा व्यावसायिक संघ एकही नाही, त्यामुळे इथली सगळी भक्ती, सगळा संताप आणि बराचसा पैसा या पोरांवर लागतो. त्यांच्या प्रशिक्षकाला, म्हणजे निक सेबन यांना, वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त पगार होता. तो फार आहे असं म्हणणारा माणूस मला या राज्यात भेटलेला नाही. गव्हर्नरांचा पगार मात्र जरा जास्त आहे, असं म्हणणारे भेटले.

सेबन २००७ साली आले. सतरा हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं. त्याआधी लुइझियानात एक मिळवलेलं, ते धरून सात. त्यांच्या शिकवणीचं नाव ‘प्रोसेस’. धावफलकाकडे बघायचं नाही, विजेतेपदाचा विचार करायचा नाही, समोरची एक चाल नीट खेळायची आणि मग तिच्या पुढची. (इथे कुणाला गीता आठवली तर ती ज्याची त्याची जबाबदारी.) सेबनसाहेबांनी हे सतरा वर्षं खेळाडूंना शिकवलं आणि त्या सतरा वर्षांत प्रेक्षकांनी धावफलकाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

१० जानेवारी २०२४, बुधवार. चार वाजून गेले होते. ऑफिसात आमची मीटिंग चालू होती आणि टेबलावरचे फोन एकामागून एक थरथरायला लागले. बॉसने आधी डोळे वटारले, मग स्वतःचा फोन पाहिला, चष्मा काढला आणि काही न बोलता उठून गेला. अकाउंट्समधल्या बाई टिश्यूचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो डबा कुणालाही न विचारता टेबलाच्या मधोमध ठेवला, तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी अघटित घडलंय. तसं घडलंच होतं, फक्त एकदम सगळ्यांच्या घरी. सेबनसाहेबांनी खेळाडूंना बोलावून, छोटीशी बैठक घेऊन, आपण निवृत्त होत असल्याचं सांगून टाकलं होतं. नऊच दिवसांपूर्वी रोझ बोलच्या उपांत्य सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत संघ हरला होता. त्या पराभवाची नीट चर्चासुद्धा अजून संपली नव्हती.

ऑफिसात ऑबर्नवाला एकच. दीड महिन्यापूर्वी ऑबर्नच्या मैदानावर अलाबामाने अगदी शेवटच्या मिनिटात, चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात ३१ यार्ड हवे असताना टचडाऊन करून सामना हिरावून नेला होता. तेव्हापासून हा गृहस्थ जेवायला एकटा बसायचा. गुरुवारी सकाळी त्याने अख्ख्या ऑफिससाठी डोनट आणले. निमित्त विचारलं तर म्हणाला, ‘सहज.’ दुपारपर्यंत मात्र त्याचाही चेहरा उतरला. सतरा वर्षं ज्याला मनापासून शिव्या दिल्या तो माणूसच राहिला नाही, तर आता शिव्या द्यायच्या कुणाला? नव्या माणसाला द्यायच्या तर आधी त्याची ओळख करून घ्यायला हवी.

त्या रात्री बारामतीहून बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळ झालेली होती आणि पेपर यायच्या आधी त्यांना जगाची खबर लागते.

“कोणी रडतंय का?”

“रडतायत.”

“मोठ्याने?”

“टीव्हीवर दाखवतायत, बाबा.”

“मग तीन दिवस थांब. मागे घेतील.”

या विषयात बारामतीकरांचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. २ मे २०२३ ला बारामतीच्याच शरद पवारांनी मुंबईत, स्वतःच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाला, पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. कार्यकर्ते रडले, अडून बसले, घोषणा झाल्या आणि ५ मे ला साहेबांनी निर्णय मागे घेतला. त्यावरून बाबांनी नियम बसवला होता, की मोठ्या माणसाची निवृत्ती तीन दिवसांची असते. (दोनच महिन्यांत पक्षाचे दोन भाग झाले, हा नियमाचा उत्तरार्ध बाबा सांगत नाहीत.)

मीही त्यांना जरा खाद्य पुरवलं. २००६ च्या डिसेंबरात सेबन मायामीच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. तेव्हा पत्रकारांनी फार पिच्छा पुरवला म्हणून त्यांनी, आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. दोन आठवड्यांच्या आत ते टस्कलूसाच्या विमानतळावर उतरले आणि तिथे जमलेल्या गर्दीने त्यांना अक्षरशः मिठ्या मारल्या.

“बघ,” बाबा खुलले, “शब्द फिरवणारा माणूस आहे. आशा आहे. उपोषणाला कोण बसलंय?”

“कुणी नाही.”

“मग करतायत काय लोक?”

“पुतळ्यासमोर बिस्किटं ठेवतायत.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “बिस्किटं?” बाबा म्हणाले. “मग अवघड आहे.”

फोन आईने घेतला. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण मुद्द्याचं तेवढं कळतं. “त्याच्या बायकोचं कसं होणार गं?” सेबन यांच्या पत्नीला इथे सगळे ‘मिस टेरी’ म्हणतात. अख्ख्या अलाबामात त्या एका बाईचा विचार करणारी बाई बारामतीत निघाली. “तुझे बाबा रिटायर झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले. तीन महिने मला हरभऱ्याची डाळ सापडत नव्हती.” मी तिला सेबन यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. वेस्ट व्हर्जिनियात त्यांच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता. पोरगा तिथे गाड्या धुवायचा आणि धुतलेल्या गाडीवर एखादी रेघ राहिली की वडील अख्खी गाडी पुन्हा धुवायला लावायचे. गडद रंगाच्या गाड्यांवर रेघा लगेच दिसतात, म्हणून त्या गाड्यांचा त्यांना तेव्हापासून राग. आईने सुस्कारा टाकला. “म्हणजे हा भांडीसुद्धा उजेडात धरून बघणार.”

शनिवारी शेजारच्या आजी म्हणाल्या, टस्कलूसाला जाऊन येऊ. तासाभराचा रस्ता. स्टेडियमबाहेर राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकांचे ब्राँझचे पुतळे ओळीने उभे आहेत. सेबन यांचा पुतळा २०११ मध्येच बसवला, म्हणजे तेरा हंगाम हा माणूस स्वतःच्या पुतळ्याच्या गावात नोकरी करत होता. पुतळ्याच्या पायाशी फुलं, कोकच्या बाटल्या आणि लिटल डेबी कंपनीच्या ओटमील क्रीम पायचे खोके. दोन मऊ ओटच्या बिस्किटांमध्ये पांढरं क्रीम, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं. सेबनसाहेब रोज सकाळी नाश्त्याला असे दोन खातात, हे इथल्या पोराटोरांना तोंडपाठ. पत्रकार परिषदेत त्यांच्यासमोर कोकची बाटली असायची, म्हणून कोक. देवाला काय चालतं ते ठाऊक असलेल्या भक्तांचं हे काम होतं. एका लहान मुलाने खोक्यात हात घातला तर त्याच्या बापाने तो धरला. “ते कोचचे आहेत.” मुलगा म्हणाला, “कोच इथे कुठेत? ते घरी आहेत.” आजूबाजूच्या दोघातिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बापाने त्याला उचलून गाडीकडेच नेलं.

आजी मात्र थोड्या पलीकडे, जुने प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या पुतळ्यापुढे उभ्या होत्या. तिथून त्या हलेनात, तेव्हा मला त्यांच्या पिढीचं दुखणं समजलं. ब्रायंट यांनीही अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं दिली. निवृत्त झालात तर काय कराल, असं विचारलं की ते म्हणायचे, आठवड्यात मरेन. शेवटचा सामना त्यांनी २९ डिसेंबर १९८२ ला जिंकला आणि २६ जानेवारी १९८३ ला ते गेले. आजी तेव्हा तरुण होत्या. निवृत्ती हा शब्द ऐकला की त्या आजही कॅलेंडर बघतात. ब्रायंट गेल्यावर पुढची चोवीस वर्षं अलाबामाने प्रशिक्षक बदलण्यात घालवली. १९९२ चं एक विजेतेपद सोडलं तर सांगण्यासारखं फार नाही. त्यातल्या बिल करी यांच्या ऑफिसच्या खिडकीतून वीट आत आली होती. २००२ च्या डिसेंबरात नेमलेल्या एका प्रशिक्षकाने तर एकही सामना खेळवायच्या आत नोकरी घालवली. त्याने काय केलं ते आजी सांगत नाहीत, मी मुलांसमोर विचारत नाही.

परतताना गाडीत आजींनी मन मोकळं केलं. “बहात्तर म्हणजे काही वय नाही, हनी. अजून एक वर्ष थांबायला हवं होतं. असं मध्येच उठून जायचं असतं का?”

मी “येस मॅम” म्हणाले. दक्षिणेत मोठ्यांशी बोलताना हे दोन शब्द पुरतात. पण मनात जे आलं ते इथे लिहायला हरकत नाही. आजींकडे हंगामाची तिकिटं आहेत. सेबनसाहेबांच्या काळात त्या दर शनिवारी सामन्याच्या चारांपैकी तिसऱ्या क्वार्टरला उठायच्या. पस्तीस-चाळीस गुणांची आघाडी झाली, पार्किंगमधून गाडी काढायची, ट्रॅफिक लागायच्या आत हायवे धरायचा. एकट्या आजीच नव्हेत. विद्यार्थ्यांच्या अख्ख्या रांगा तिसऱ्या क्वार्टरला रिकाम्या व्हायच्या. सेबनसाहेब यावर जाहीरपणे चिडायचे. शेवटी २०१९ मध्ये विद्यापीठाने एक ॲप काढलं. चौथ्या क्वार्टरपर्यंत तुमचा फोन स्टेडियममध्ये दिसला तर गुण, आणि त्या गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. जिंकणारा संघ बघत बसण्यासाठी माणसांना बक्षीस द्यावं लागलं, असं दुसरं गाव मला माहीत नाही. जिंकण्याचा इतका कंटाळा आलेली माणसं त्या आठवड्यात धाय मोकलून रडत होती. तक्रार एकच : तो लवकर उठून गेला.

बाबांचे तीन दिवस पुरे व्हायच्या आत, शुक्रवारीच, विद्यापीठाने वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक केलन डिबोर यांची नेमणूक करून टाकली होती. मधल्या दोन दिवसांत शोकाची जागा विमानांनी घेतली. खासगी विमान कुठून उडालं आणि टस्कलूसाकडे वळलं का, हे लोक फोनवर बघत बसले. ऑफिसातली टिश्यूवाली बाई गुरुवारी दुपारपर्यंत विमानांचे नंबर ओळखायला शिकली होती. ओरेगनच्या प्रशिक्षकाने आपण जागचे हलणार नाही असा व्हिडिओ काढला, तेव्हा तिने त्याला नावं ठेवली. डिबोर यांच्या बाजूने एक गोष्ट होती. मिशिगनने आम्हाला हरवलं त्यानंतर आठवड्याने अंतिम सामन्यात त्यांच्या संघालाही हरवलं होतं. दुःख समान निघालं की स्थळ पसंत पडायला वेळ लागत नाही.

२०२४ च्या हंगामात, ५ ऑक्टोबरला, पहिल्या क्रमांकावरचा अलाबामा नॅशव्हिलला व्हँडरबिल्टशी खेळायला गेला. व्हँडरबिल्ट हुशार मुलांचं विद्यापीठ, आमच्याशी हरण्याचा त्यांना चांगला सराव. त्या उन्हाळ्यात सेबनसाहेब टीव्हीवर म्हणालेसुद्धा होते, की या लीगमध्ये जाऊन खेळायला अवघड नाही असं एकच मैदान आहे, व्हँडरबिल्टचं. आम्ही ४०-३५ हरलो. १९८४ नंतर प्रथमच. व्हँडरबिल्टच्या पोरांनी गोलपोस्ट उपटला, शहरभर मिरवला आणि कंबरलँड नदीत बुडवला. आमच्या दिवाणखान्यात आजी शेवटच्या सेकंदापर्यंत सोफ्यावर बसून होत्या. तिसऱ्या क्वार्टरला कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी त्या पुन्हा आल्या, पुडिंग न घेता. टीव्हीवर सामन्यांआधीची चर्चा चालू होती आणि तिथे टाय लावून सेबनसाहेब बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हीच नोकरी धरली आहे. शेजारच्याने काहीतरी विनोद केला आणि ते चक्क हसले. खांदे हलेपर्यंत, दात दिसेपर्यंत.

आजींनी रिमोट उचलून आवाज बंद केला. “सहा विजेतेपदं जिंकली तेव्हा,” त्या मला म्हणाल्या, “हा माणूस एकदा तरी असा हसला होता का?”