जुनं काही आहे का घरात?

निवृत्तीनंतर काय करायचं, हा प्रश्न मला पडला नव्हता; घरच्यांना पडला होता. मी दिवसभर घरात दिसू लागलो, तसा तो वाढतच गेला. म्हणून ऐन मे महिन्यात मी जाहीर केलं, "मी गोधडी शिवणार."

"वाकळ म्हण," साताऱ्याकडून आलेली आत्या म्हणाली.

"गोधडीच," नाशिकची बायको म्हणाली.

सुईत दोरा ओवायच्या आधीच दोन जिल्ह्यांची शिवण उसवली.

आत्याचं शास्त्र अगदी सरळ. खाली एक लुगडं, वर एक लुगडं, मधे घरातलं सगळं जुनेर. काठापासून धावदोरा घालायला लागायचं आणि चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत पोचायचं. उन्हाळ्यात शिवली की पावसाळ्यात अंगावर घ्यायला तयार.

"एवढंच?" मी विचारलं. आत्या नुसती हसली.

जुनेर गोळा करायला मी कपाटं उघडली. तिन्ही कपाटं इतकी गच्च, की दार उघडून पटकन बाजूला व्हावं लागतं. पण त्यांत जुनं असं एक फडकं निघेना. एक गुडघ्यावर फाटलेली जीन्स सापडली. कात्री लावणार, तोच मुलगा किंचाळला. ती म्हणे फाटकीच विकत आणलेली होती, आणि न फाटलेलीपेक्षा महाग होती. मी बायकोच्या साड्यांकडे वळलो.

"ही चालेल?"

"बारशातली आहे."

"ही?"

"वन्संनी दिलेली. त्या विचारतात."

"ही तर तू कधी नेसतच नाहीस."

"नेसत नाही म्हणूनच नवी आहे ना!"

माझे कपडे जुने आहेत यावर मात्र घरात मिनिटभरात एकमत झालं. कुणाला विचारायचीही गरज पडली नाही. पण नोकरीतली तीस वर्षं मी टेरिकॉटमध्ये काढलेली. ते कापड ना फाटतं, ना विरतं. आत्याने पँट चिमटीत धरून परत दिली. "ह्यातनं सुई जायची न्हाई, लेका, आन् घामबी. सुती आण."

शेवटी वडिलांची पेटी उघडली. तीत त्यांची दोन धोतरं होती, धुऊन धुऊन इतकी विरलेली की एक उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसली. आत्याने त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "हे मधी घाल. दिसणार न्हाई, पर मऊ लागंल." वरची आणि खालची लुगडी तिने स्वतःच्याच पिशवीतून काढली. आमच्या घरात ती मिळणार नाहीत, हे ती गावाहून निघतानाच ओळखून होती.

दरम्यान मी वाचून पंडित झालो होतो. बंगाली कांथा शिवायला म्हणे जुन्या साड्यांच्या काठांतून उपसलेले दोरे वापरत. मी प्रयोगासाठी एक काठ उसवायला घेतला, पण साडीची मालकीण मागेच उभी होती. मग रिळाचा दोरा आणला. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुलं शिवतात. फुलांवाचून कवंदी नागडी, असं त्या मानतात. मीही माझ्या चार रुमालांची फुलं केली. "ह्ये काय, समोसं?" आत्याने विचारलं.

हॉलमध्ये सतरंजी अंथरली, तिच्यावर लुगडं, मग थर. मीही त्यावरच मांडी ठोकून बसलो. पहिल्या फेरीत टाके तांदळाएवढे आले, दुसरीत शेंगदाण्याएवढे; चौथ्या फेरीला माझी कंबर लागली आणि टाके बोटभर झाले. अंगुस्तान घालायला मी सुरुवातीला लाजलो होतो. दुपारपर्यंत दोन बोटांची चाळण झाली, तेव्हा गुपचूप घातलं.

आठव्या दिवशी मधला चौकोन संपला. दोरा दाताने तोडून मी विजयी मुद्रेने गोधडी उचलली, तर सतरंजीही उठली. कुठल्यातरी फेरीपासून मी तिलाही पोटाशी घेत आलो होतो.

उसवायचं म्हटलं तर आणखी आठ दिवस! मी आत्याकडे पाहिलं. तिने गोधडी उलटी केली, सतरंजीचा कोपरा चाचपला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या घरात जुनं काय न्हाई म्हनत हुतास न्हवं? ही हाय की." मग पदराने हात पुसत तिने विचारलं, "सुया किती घेतल्या हुत्यास?"

"दोन."

"आन् आता?"

डबीत एकच होती.

तेव्हापासून गोधडी घडी घालून ठेवली आहे. अगदी नवीच दिसते. कुणी अंगावर घेत नाही, म्हणूनच.