तीन प्रती आणि एक जास्तीची

भिलाईत १९५९ साली पहिली भट्टी पेटली आणि नोकरीच्या मागे विदर्भाकडची बरीच मराठी घरं इथल्या सेक्टरांमध्ये येऊन रुजली. त्याच घरांतून पुढे पेशीवाले काका निपजले. गणपतीच्या वर्गणीला गेलात तर काकू पाणी आणतात आणि काका आपल्या केसच्या कागदांचा इंडेक्स आणतात. पाणी पिऊन होतं. इंडेक्स संपत नाही.

काका कारखान्यातले नव्हेत. केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. कुण्या बाबूने त्यांची एक वेतनवाढ चुकीच्या तारखेला लावली, एवढीच तक्रार. रक्कम मात्र विचारू नये. "प्रश्न पैशाचा नाही हो, तारखेचा आहे," म्हणून ते सर्व्हिस बुकाची झेरॉक्स काढतात, आणि मग पैशाचा प्रश्न आपल्या वेळेचा होतो.

असल्या तक्रारीला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'कॅट'. कायदा १९८५चा. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, हायकोर्ट बिलासपूरला आलं, पण कॅटचं खंडपीठ जबलपूरचं ते जबलपूरचंच. अधूनमधून बिलासपूरला फिरतं कामकाज होतं तेवढंच. कलम २० सांगतं, आधी खात्याकडे दाद मागा आणि उत्तर न आल्यास सहा महिने थांबा. दुसरा कुणी या काळात वैतागला असता. काकांनी अर्ज लोणच्यासारखा मुरू दिला. रोज टपाल बघायचे आणि उत्तर आलं नाही की समाधानाने जेवायचे. भीती एकच, शेवटच्या आठवड्यात खात्याला जाग येऊन वेतनवाढ मंजूर व्हायची. सुदैवाने तसं काही झालं नाही.

अर्जाची फी पन्नास रुपये, पोस्टल ऑर्डरने. हल्ली पन्नास रुपयांत पोटभर नाश्ता होत नाही, पण काकांच्या लेखी ही रक्कम पूजेच्या दक्षिणेसारखी: कमी नको, जास्त नको, सुटी नको. नेमकी पोस्टात पन्नासाची ऑर्डर संपलेली. खिडकीतल्या मुलीने दहाच्या पाच पुढे सरकवल्या. कमिशन धरून पंचावन्नच. अर्जाच्या नमुन्यात पोस्टल ऑर्डरचा नंबर, पोस्ट ऑफिस आणि तारीख लिहायला एक रकाना असतो. त्यात एका नंबराची सोय दिसली, काकांकडे पाच. त्या रात्री ते जेवले नाहीत. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, बारीक अक्षरात लिहा ना." लिहिले. पाचही ऑर्डरींच्या झेरॉक्स काढल्या, त्यांना वेगळं परिशिष्ट दिलं आणि त्या परिशिष्टामुळे पुढचे सगळे पानांक बदलले.

पेपरबुक तीन प्रतींत, शिवाय प्रत्येक प्रतिवादीसाठी वेगळी प्रत आणि पूर्ण पत्ता घातलेला फाइलच्या मापाचा कोरा लिफाफा. नियमच आहे. वर एक जास्तीची. तो काकांचा नियम. जेवणाच्या टेबलावर दाभण, लेस, गोंद, नंबर टाकायचं मशीन. काकू एका हाताने भाजी परतत पानं वाचून दाखवतात. "एकशे अकरा." "आहे." "एकशे बारा." शांतता. "काकू, एकशे बारावर तेल पडलंय," असं मी एकदा निष्पापपणे म्हणालो. त्या पानासाठी काका भर उन्हात पुन्हा सुपेल्याला झेरॉक्सला गेले. फी पन्नास रुपये आणि झेरॉक्सचं बिल हजारांत, हे त्यांना कुणी दाखवून दिलेलं नाही. आम्हाला शेजार टिकवायचा आहे.

मध्यंतरी त्यांचा मिक्सर बिघडला. दुकानदार ऐकेना. मी सुचवलं, दुर्गच्या ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीच नाही. काकांचा चेहरा पडला. "फी नाही म्हणजे पावती नाही. पावतीशिवाय केस दाखल झाली, हे मी लावू कुठे?" मिक्सर अजून माळ्यावर आहे.

पेशीच्या आदल्या संध्याकाळी दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेस. मूळ कागदांची पिशवी उशाला, दुसरा संच सुटकेसमध्ये, तिसरा घरी काकूंच्या ताब्यात, रात्री-बेरात्री फोन आला तर पान सांगायला. पहाटे जबलपूर. एवढं आलोच आहोत तर नर्मदास्नान म्हणून काका ग्वारीघाटावर गेले, पण पिशवी ठेवणार कुणाजवळ? एका हातात ती उंच धरून दुसऱ्या हाताने पाणी शिंपडून घेतलं. पुण्याचा हिशेब अर्धाच लागला असेल. त्याविरुद्ध अपील कुठे करतात, हे त्यांनी अजून शोधलेलं नाही.

दुपारी पुकारा झाला. काका उठले, कोटाचं बटण लावलं, तोंड उघडलं. तेवढ्यात सरकारी वकील म्हणाले, आमच्या प्रतीत परिशिष्ट ए-९ दिसत नाही. काकांनी विजेच्या चपळाईने जास्तीची प्रत काढून दिली, ए-९ला पिवळी चिठ्ठी आधीच लावलेली. वकिलांनी मनापासून आभार मानले आणि तिचा अभ्यास करायला चार आठवडे मागून घेतले.

परतल्यावर आम्ही विचारलं, कसं झालं?

"उत्तम," काका म्हणाले. "वकील हुशार आहे. ए-९चं महत्त्व त्याला बरोबर कळलं."