काही हिस्सा

मे महिन्याच्या अखेरीस ठाण्याच्या एका मॉलमध्ये मी साठ रुपयांचं पुण्य विकत घेतलं. सोबत एक लिटर पाणीही मिळालं.

बाटली काचेची, देखणी. लेबलवर डोक्यावर दोन हंडे घेतलेली आदिवासी बाई, आणि ती हसत होती. आमच्या शहापूर तालुक्यात दोन हंडे डोक्यावर असताना कुणी हसल्याचं मी पाहिलेलं नाही. मान सांभाळायची असते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘या खरेदीतला काही हिस्सा तहानलेल्या गावांसाठी.’ मी गहिवरून बाटली उघडली. मॉलचा एसी आणि तो गहिवर, दोन्हींनी बरं वाटलं.

आधी माझी अवस्था सांगतो, म्हणजे हसणार नाही. रोज आसनगावहून लोकल पकडली की मी फोन उघडतो आणि कल्याण येईपर्यंत जगातला निम्मा अन्याय बघून होतो. कुठे दवाखान्यावर बॉम्ब, कुठे भुकेलेली पोरं. मी फार तर हात जोडलेलं चित्र टाकतो किंवा रडक्या चेहऱ्याचं. या दोहोंत कोणतं टाकावं, यावर मात्र मी मनापासून विचार करतो. मध्येच एकदा वाचलं की माझ्या फोनच्या बॅटरीत जो कोबाल्ट असतो त्यातला बराचसा काँगोमधून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात. फोन गाडीबाहेर फेकावासा वाटला. पण सात हप्ते बाकी होते.

अशा गिऱ्हाइकासाठी दुकानदार टपलेलाच असतो. २००६ साली बोनो नावाच्या गायकाने आणि त्याच्या साथीदाराने ‘रेड’ काढलं: लाल वस्तू घ्या, आफ्रिकेतल्या एड्सविरुद्ध पैसे जातील. पैसे गेले, औषधंही पोचली, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याआधीही हा धंदा जुनाच. १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये साखरेची भांडी मिळत, त्यांवर लिहिलेलं असे की ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कळवळ्याने तिथल्या बाया चहात आमची साखर घालत. म्हणजे एकेकाळी आपण स्वतःच पुण्याचं लेबल होतो! गंमत एवढीच की हिंदुस्थानातली गुलामगिरी कायद्याने मोडायला १८४३ साल उजाडलं. त्यापुढचं सांगायचं तर वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. आणि आमच्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ना सोडवायला त्यानंतरही श्रमजीवी संघटनेसारख्यांना गावोगाव भांडावं लागलं.

तर ती बाटली घेऊन मी गाडीत बसलो. खिडकीत ठेवली. आटगाव-खर्डीकडे जाणारे दोघं शेजारी होते. एकाने लेबल वाचलं आणि विचारलं, “म्हणजे हे पाणी कुठे चाललंय?”

“शहापूरला,” मी म्हणालो.

तो इतका हसला की समोरच्या बाईंची झोप मोडली.

हसू कशाचं, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची तळी आमच्याच डोंगरात आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाजतोय. मुंबईला रोज जाणाऱ्या साधारण ३,८५० दशलक्ष लिटरांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. पाणी आमच्या शिवारातून माणूस उभा राहील एवढ्या नळांतून जातं, आणि मार्चपासून आमच्या पाड्यांवर टँकर येतो. आला तर. तो विहिरीत रिकामा होतो आणि मग त्या विहिरीवर जे चालतं, त्याचं लेबल अजून कुणी छापलेलं नाही. शेजारच्या मुरबाडलाही तेच: बारवीचं पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना. या सगळ्या अवाढव्य उताराविरुद्ध मी एक लिटर वर घेऊन चाललो होतो. बहुधा तालुक्याच्या इतिहासातला हा पहिलाच परतावा.

घरी आल्यावर मला त्या ‘काही हिस्सा’ने छळलं. काही म्हणजे किती? रुपया? दहा पैसे? बाटली उलटीसुलटी केली, भिंगातून पाहिली. दान करणाऱ्याला आकड्याची लाज का वाटावी?

मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलात तर वरच्या गुहेत दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. यज्ञ किती केले आणि दक्षिणा काय दिली, याची ती यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. आणि प्रत्येकापुढे आकडा. देशातल्या सर्वांत जुन्या लिखित आकड्यांत ते मोजतात. जागाही कशी निवडलेली! कोकणातून देशावर जाणारे व्यापारी तिथून जायचे, वर जकातीचा दगडी रांजण आणि शेजारच्या गुहेत राजघराण्याच्या दानाची जाहिरात. जकात भरताना ती वाचायचीच. घरातल्या मंडळींच्या मूर्तीही होत्या, डोक्यावर नावं. मूर्ती नाहीशा झाल्या, नावं राहिली. आमच्या शहापूरच्या नाक्यावरच्या फ्लेक्सचं मूळ मी तिथेच मानतो. पण बाईने आकडा दिला, ‘काही गायी’ लिहून ब्राह्मणांची बोळवण केली नाही.

बायको म्हणाली, “अहो, भिंग ठेवा. आणि एवढंच असेल तर या भिंतीचं लेबल वाचा.”

भिंत विटांची. दिवाळी झाली की आमच्याकडची कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोराबाळांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. बयाणा फिटला की नाही, ते शेठच्या वहीत. माझ्या विटा कुणी थापल्या, मी विचारलं नव्हतं. हजारी भाव तेवढा विचारला होता, तोही दोनदा. काँगो लांब आहे, त्याचं दुःख करता येतं. भिंतीला टेकून बसावं लागतं.

सगळंच असं नाही, हेही सांगायला हवं. करोनाच्या काळात शहापूरच्याच कातकरी तरुणांनी वन धन केंद्रातून गुळवेल गोळा करून विकली, आणि मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून दीड कोटीच्या वर मागणी मिळवली. त्यात हसरी बाई नव्हती. वजन, भाव आणि माल. मला या बातमीने जरा खट्टूच केलं, कारण त्यात माझ्या दयेला जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडला आणि आसनगाव स्टेशनबाहेर शेवळं आली. नेहमीची म्हातारी बसली होती. जुडी वीसला. मी सवयीने पंधरा म्हणालो. ती म्हणाली, “काकडं फुकट देते, पण वीसच.” मी सतरावर आणलं. त्या दिवशी ती बाटली भरून पिशवीत होती. म्हातारीचं लक्ष तिच्यावर गेलं.

“मास्तर, ही रिकामी झाली का मला दे.”

मी तिथेच पाणी पिऊन संपवलं आणि बाटली दिली. तीन रुपये वाचवल्याचं ओझंही जरा उतरलं.

पंधरा दिवसांनी ती मध घेऊन बसली होती. दोनशे म्हणाली. मी दीडशे म्हणालो. ती गप्प. मधाचा रंग बघायला मी बाटली उन्हात धरली, तर पलीकडून ती हंडेवाली हसत होती. माझीच बाटली. लेबल धुवून पुसून शाबूत. ‘या खरेदीतला काही हिस्सा.’

मी मुकाट दोनशे काढले.

“दहा बाटलीचे,” ती म्हणाली.