धोलपूर हाऊसमध्ये सहज कसे दिसावे

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत १७५० गुणांसाठी अभ्यास पुरतो. उरलेल्या २७५ गुणांसाठी व्यक्तिमत्त्व लागते, कारण दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये बसणारा आयोग मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. म्हणून लेखीचा निकाल लागताच पुण्याच्या सदाशिव पेठेत जाऊन ते शिवायला टाकावे. मापे सगळ्यांची एकच घेतात, त्यामुळे आठवड्यात मिळते.

पोशाखाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट. मुलींनी साडी, आणि ती रोजच नेसत असल्यासारखी चाल. नवे बूट आधी अभ्यासिकेत घालून मळवावेत. बूट करकरले की सगळा सहजपणा वाया जातो.

खरे कष्ट अर्जातल्या छंदाच्या रकान्यावर घ्यावेत. पाच वर्षे अभ्यासिकेत काढलेल्या माणसाला चहा आणि वर्तमानपत्र यांपलीकडे छंद उरत नाही, हे मुलाखत मंडळालाही ठाऊक असते. तरी रकाना रिकामा ठेवू नये. ‘वाचन’ लिहिल्यास शेवटचे पुस्तक विचारतात, आणि तिथे राज्यव्यवस्थेच्या अभ्यासाचे ‘लक्ष्मीकांत’ हे उत्तर चालत नाही. ‘ट्रेकिंग’ लिहायचे तर कळसूबाई १६४६ मीटर, एवढे पाठ हवेच. जमल्यास एकदा जाऊनही यावे. ‘स्वयंपाक’ हा छंद पुरुष उमेदवारांना शोभून दिसतो, संवेदनशीलता वगैरे. मात्र मंडळावरच्या बाईंनी फोडणीत आधी हिंग की मोहरी असे विचारले, तर ‘दोन्ही बाजू विचारात घेता’ अशी सुरुवात करून सुटका होत नाही.

गावावरून प्रश्न येणारच. बुलढाण्याच्या उमेदवाराने २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी का झाले, हे तयार ठेवावे: पाण्यातला खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव फोफावले. सांगताना मध्येच किंचित थांबावे, जणू आत्ताच आठवतेय.

मुलाखत मराठीतून देता येते, सोबत दुभाषा असतो. विनोद करायचाच असेल तर तो दुभाष्याच्या तोंडून मंडळापर्यंत पोचेस्तोवर स्वतः हसू नये.

उत्तर येत नसल्यास ‘माफ करा सर, मला माहीत नाही’ असे स्मित करून सांगावे. हे स्मित मॉक मुलाखतींत तपासून घ्यावे. एका क्लासच्या सरांना ते उद्धट वाटेल, दुसऱ्या क्लासच्या सरांना केविलवाणे. दोघांची सरासरी काढावी.

‘या सेवेत का यायचंय?’ हा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे खरे उत्तर घरी सगळ्यांना माहीत असते. त्यातले लाल दिव्याचे आकर्षण तर १ मे २०१७ पासून संपलेच. गाड्यांवरचे दिवेच उतरवले. समाजसेवा म्हणाल तर विचारतील, ती नोकरीशिवाय होत नाही का. इंजिनिअर असाल तर सरकारने तुमच्या शिक्षणावर केलेल्या खर्चाचे काय, तेही विचारतील. अशा वेळी सरासरीचे स्मित कामी येते.

बाहेर आल्यावर झालेले प्रश्न आठवतील तसे लिहून क्लासला पाठवावेत, आणि पासपोर्ट फोटोच्या भरपूर प्रती काढून ठेवाव्यात. निकालात नाव आले, तर जिथे जिथे अर्धा तास मॉक दिली त्या प्रत्येक क्लासच्या फ्लेक्सवर तुम्ही त्यांचेच विद्यार्थी असता.